झेंड्याची घडी

सभागृहाच्या कपाटात, चहाच्या किटल्यांमागे
तो असतो, उशीच्या जुन्या अभ्र्यात.
वर्षातून एकदा काढते, उन्हात धरते,
कसर लागली का बघते.
अठ्ठेचाळीस तारे. तेव्हा तेवढेच होते.
बीटाच्या शेतात विमान पडलं त्या हिवाळ्यात
माझ्या आजोबांनी नऊ जणांतला एक जिवंत ओढून काढला,
आणि तो एक, बरा झाल्यावर, हा देऊन गेला.
एवढीच आमची सोयरीक.
कागदावर कुठेच नाही.

यंदा जिल्ह्याकडून पत्र आलं:
पाहुणे येणार, ताफा तुमच्या रस्त्यानं तळाकडे जाईल,
गावानं उचित स्वागत करावं.
उचित हा एक शब्द
आम्ही अकरा जणांनी अडीच तास चघळला.

गॅरड म्हणाला, शेजारधर्म असतो.
टॅमसिन म्हणाली, शेजार समुद्रापलीकडे,
आणि धर्म कुठला, तेवढं सांगा.
तिच्या स्वेटरच्या भोकातून कोपर बाहेर आलं होतं,
तेच टेबलावर आपटत होती.
नाव कुणीच घेतलं नाही.
नको असलेल्या जावयाला घरात 'ते' म्हणतात
तसं आम्ही 'ते' म्हणत राहिलो.
'ते' असं बोलले. 'त्यां'नी तसं केलं.
मग कुणीतरी हळूच म्हणालं,
तळावरच्या स्वयंपाकघरात माझ्या दोन्ही मुली आहेत.
त्यानंतर बराच वेळ
फक्त हीटर बोलला.

रात्री विमानं उठतात.
आई मोजायची, आता मी मोजते:
गेली किती, परतली किती.
कुठे गेली, हे आपण विचारत नाही.
खिडकीच्या काचा विचारतात.

शनिवारी ऑस्ट्रँडर आला अंड्यांना.
नेब्रास्काचा पोर, मानेवर वस्तऱ्याचे लाल ठिपके,
रिकामा खोका न चुकता परत आणणारा.
म्हणाला, मिसेस कॅचपोल, आमच्याबद्दल
गावात काय बोलतात?
मी म्हटलं, पावसाबद्दल बोलतात.
तो हसला. मग हसू तसंच ठेवून म्हणाला,
हल्ली फोनवर आईही पावसाबद्दलच बोलते.

ज्याचं देणं लागतो
त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.
हे मला कळतं, मी मिंधेपण ओळखते,
माझ्या वडिलांनी गहाणाचं घर फेडलंय.
पण देणं नेमकं कुणाचं?
शेतात राहिलेल्या आठांचं,
की मोटारीच्या काळ्या काचेमागे बसलेल्या एकाचं?
पावती एकच आहे आणि
तिच्यावर नाव वाचता येत नाही.

त्या दिवशी सकाळी काढला.
खांबापर्यंत गेलेही.
दोरी ओली होती, हे निमित्त धरलं
आणि मागच्या अंगणात वाळत घातला,
दोन टॉवेल आणि नवऱ्याच्या पायजम्याच्या मधे.
रस्त्यावरून दिसला असता. दिसला नसताही.
टॅमसिन कोपऱ्यावर फलक घेऊन उभी होती,
गॅरड समोरच्या कोपऱ्यावर टाय लावून,
पोलिसांनी दोघांनाही मागे सरकवलं
सारख्याच सभ्यपणे.

ताफा आलाच नाही.
अकराच्या सुमारास वरून हेलिकॉप्टर गेलं,
चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले,
पायजमा उडून कुंपणावर पडला.
आमची अडीच तासांची सभा
त्यांना तीस सेकंदही लागली नाही.

दुपारी ऑस्ट्रँडर फाटकाशी.
दोरीवर पाहून थबकला. विचारलं काहीच नाही.
दुसरं टोक धरलं.
मी आयुष्यभर त्याची घडी चौकोनी घातली,
टेबलक्लॉथसारखी.
तो म्हणाला, आमच्यात त्रिकोणी घालतात,
आणि शिकवू लागला: अशी, मग अशी,
लाल रंग बाहेर दिसू द्यायचा नाही.
तीनदा चुकलो.
कापड जुनं, ऐकत नव्हतं.
त्याचे हात थरथरत होते की वाऱ्यानं, मी बघितलं नाही.
शेवटी थोडा लाल बाहेर राहिलाच.
त्यानं खोचायला बोट घातलं,
शिवण उसवेल म्हणून मी थांबवलं.

गेला तेव्हा पैसे बशीत ठेवले होते, मोजून.
अंडी मात्र विसरला. सहाही.