जिथं झाड होतं तिथून

माझ्या खोलीचा पत्ता असा:
जिथं ते छोटं झाड होतं तिथून
दोन गल्ल्या तळ्याकडे,
मग पन्नास वार वर.

झाड नाही.
कधी पडलं, यादेरला सांगता येत नाही.
तो जन्मला तेव्हाही नव्हतंच,
तरी त्याची टॅक्सी वळते बरोबर तिथं
जिथं त्याची सावली पडली असती.

मानाग्वात रस्त्यांना नावं असून नसल्यासारखी.
उत्तर म्हणजे तळं.
वर म्हणजे सूर्य येतो ती बाजू,
खाली म्हणजे बुडतो ती.
वार म्हणजे वारच,
कापडाच्या दुकानातल्या वारापेक्षा चार बोटं तोकडा.
दक्षिणेला मात्र दक्षिणच म्हणतात.
का, विचारलं,
तर यादेरनं खांदे उडवले:
तिकडं पडण्यासारखं काही नव्हतं.

क्रांतीच्या चौकात उतरलो.
ऊन इतकं की कबुतरंसुद्धा
दिव्याच्या खांबाच्या सावलीत एका ओळीत उभी,
सावली सरकेल तशी सरकणारी.
जुनं कॅथेड्रल कुंपणापलीकडे.
आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायचं,
अतिदक्षता विभागातल्या माणसाला काचेतून बघतात तसं.
भिंतींना भेगा, भेगांत गवत,
आणि मनोऱ्यावर घड्याळ:
बारा पस्तीस.
बहात्तर सालच्या डिसेंबरातली एक रात्र
तिथं अजून संपायची आहे.
खाली एक पोरगा
मोबाईलवर वेळ बघत
कुणाला तरी शिव्या देत होता,
उशीर केला म्हणून.

म्हातारा एलीहिओ बर्फ किसतो,
वर चिंचेचा पाक ओततो.
चाळीस वर्षं याच जागी, सांगतो,
औषधवाल्या बार्बेरेनांच्या दारात.
मी मागं वळून पाहिलं.
मोकळं आवार, एक पिवळं कुत्रं,
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या दोन विजारी.
'दारात,' तो परत म्हणाला
आणि हातगाडी थोडी बाजूला ओढली,
पायरी उतरणाऱ्याला वाट हवी ना.

अकावालिंकाला पावलं आहेत.
दोनेक हजार वर्षांपूर्वी,
ज्वालामुखीच्या ओल्या राखेतून
दहा-पंधरा माणसं तळ्याकडे गेली.
मधूनच एक हरीण.
'जीव घेऊन पळत असतील,' मी म्हटलं.
तिकिटं फाडणारी याहोस्का
मान वर न करता म्हणाली,
'सगळे हेच म्हणतात.
पळताना टाच अशी उमटत नाही.
चालत होती. हे बघा,
हा खोल गेलाय. याच्या पाठीवर काहीतरी होतं.'
आणि सुट्टे नाहीत म्हणून
उरलेल्या पैशांची मला एक गोळी दिली.

यादेरच्या घरी जेवायला थांबलो.
त्याच्या मुलीनं शाळेसाठी नकाशा काढलेला,
माझं शहर.
सेलेनी. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले.
झाड होतं, हिरवा खडू संपेपर्यंत रंगवलेलं,
निम्मं मग निळं.
बार्बेरेनांचं दार होतं, दाराला कडीसुद्धा.
एक सिनेमाघर, त्यापुढे रांग.
मोठमोठ्या काचांचं एक दुकान,
जे तिच्या आजीनंही
म्हणे फक्त बाहेरून पाहिलेलं.
बाईंनी लाल पेनानं एवढंच लिहिलेलं:
तळं फार लहान.

'आणि यात तुमचं घर कुठंय?'
तिनं कागद फिरवून फिरवून पाहिला.
'ते तर आहेच की,' म्हणाली.

आतून तळणाऱ्या केळ्यांचा वास.
यादेरच्या आईनं ताट पुढं केलं,
मग नकाशाकडे बघत
बोटानं सिनेमाघर थोडं डावीकडे ढकललं,
जणू कागदावरही ते सरकेल.

रात्री परतताना
पत्ता मी सांगितला, यादेरनं ऐकून घेतला.
रस्ता रिकामा, सिग्नल पिवळा मिचकावणारा.
झाडापाशी
त्यानं गाडी जराशी हळू केली.