आडवा धोटा

तुळजापूर रोडच्या डेपोवर
मल्लेशम येमूल मला ढोल समजावून सांगतो.
ओरडून सांगतो. मशीन बंद असलं तरी ओरडूनच,
बावीस वर्षं लूमवर काढली त्याने.

"हे टोक उंच, ते खाली. चार बोटं, बास.
जास्त तिरका केला की माल पळतो,
कमी केला की बसतो जेवायला.
आणि फिरवायचं बेतानं बघा.
लई जोरात फिरवला तर सगळं पत्र्याला चिकटून गरगरतंय,
काय म्हणून काय पडत नाही."

पहिल्या जाळीतून माती पडते.
कुणाकुणाच्या ताटांतली, वीस वर्षं मुरलेली,
आता वास नसलेली.
दुसरीतून काचा, खडी, बाटल्यांची बुचं,
एक दात (कंगव्याचा, मी नीट पाहिलं).
तिसरीतून करवंट्या, चपलेचे तळवे.
किंमत कळत नाही ढोलाला.
तो फक्त विचारतो, मावतोस का?

ज्यांना कुठंच मावता येत नाही
ते शेवटच्या तोंडातून बाहेर येतात :
टायर, गोणपाट, चादरींच्या चिंध्या.
चिंध्या मात्र येता येता भोकांना धरून बसतात.
मग ढोल थांबवायचा, आणि शांतव्वाने
विळा घेऊन आत शिरायचं.
"पहिलं धागा तुटला की मशीन बंद," मल्लेशम म्हणतो,
"आता तुटत नाही म्हणून बंद."

त्या दिवशी शेवटच्या तोंडातून धोटा आला.
लाकडाचा, टोकांना गंजलेलं लोखंड.
दोन बोटं रुंद, वीतभर लांब.
"हा दुसरीतच पडायला पाहिजे होता की!"
मल्लेशमने तो उभा धरला, आडवा धरला.
"उभा राहिलाच नाही बे हा. लोळत आला अख्खा ढोल."

शांतव्वा म्हणाली, परत टाक. चहाची पैज.
त्याने वरच्या तोंडात टाकला.
आम्ही तिघं जाळीला कान लावल्यासारखे उभे.
खड, खड, खडखड,
आणि दुसऱ्या जाळीखाली, ठप्प.

शांतव्वा जिंकली.
चहा आला, साय धरली त्यावर.
मल्लेशम दुसऱ्या ढिगात
कोपरापर्यंत हात घालून
अजून शोधतोच आहे.