टीसीएलचं रजिस्टर

सोमवारी सातवीची लेकरं आडावर आली,
हातात काचेच्या बाटल्या, बोटाएवढ्या.
सोनकांबळे बाईंनी सांगितलेलं म्हणे,
आडाचं, बोअरचं, अंगणवाडीच्या टाकीचं पाणी
खुणेपर्यंत भरायचं,
झाकण लावायचं, वर चिठ्ठी डकवायची.
मी कठड्यावर बसून हसलो.
बावीस वर्षं या गावाला पाणी सोडतोय,
मला पाणी शिकवता व्हय रे?

पठाणाच्या अलफियानं पोहरा माझ्याकडूनच मागितला.
ऊब लागते म्हणाली बाटलीला,
आणि ओढणीच्या टोकात बांधून घरी नेली,
खुडूक कोंबडीखालचं अंडं न्यावं तशी.

बुधवारी शाळेच्या ओट्यावर
बाटल्या ओळीनं मांडल्या.
बोअरची होती तशीच.
टाकीची जराशी मळकट.
आडाची
तव्याच्या बुडासारखी काळी.

कुणी ओरडलं नाही.
विश्वंभर खाली बघत एवढंच म्हणाला,
आमची लहानी हेच पिते.
सरपंचबाईंनी बाटली उन्हात धरली,
हलवली, परत धरली,
काळं काही जाईना.

तेव्हा अलफियानं विचारलं,
मसाजीकाका, पावडर रोज टाकता ना?

रजिस्टर माझ्या बगलेतच होतं.
रोजची तारीख, रोजची सही,
पुढच्या शुक्रवारपर्यंतची.
आणि पावडरीचं पोतं पंचायतीच्या खोलीत
पोळ्यापासून तोंड उघडं टाकून पडलेलं,
वाससुद्धा उडून गेलेला त्याचा.

हो म्हणालो.
ती माझ्याकडे बघत नव्हती,
बाटलीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी जिंतूर गाठलं,
नवं पोतं मांडीवर घेऊन एसटीनं आलो.
कंडक्टर म्हणाला, काय आणलंस रे, डोळे चुरचुरतात.

सकाळी सहाला आडावर पोरगी हजर,
एक वेणी घातलेली, एक सुटी,
हातात शंभर पानी वही.
रेघा मारून तीन रकाने केलेले:
तारीख. किती टाकली. कुणी बघितलं.
मी बादलीत पावडर कालवली, निवळू दिली,
वरचं पाणी आडात सोडलं.
तिसऱ्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं.

बाया भांडायला आल्या,
हंड्याला दवाखान्याचा वास येतोय की रे मसाजी!
येऊ द्या, म्हणालो,
अर्धा तास थांबा, मग भरा,
आणि रांजणात हात बुडवू नका, ओगराळं घ्या.
हे सगळं त्या पोरांचंच बोलणं,
माझ्या तोंडून निघालं.

घरी येऊन रजिस्टर उघडलं.
शुक्रवारची सही खोडली.
शुक्रवारी
परत केली.