समोरचे संवाद

मी नायक नाही. मी नायकाचे संवाद वाचतो,
सोहोतल्या एका चौथ्या मजल्यावर, तासाच्या बोलीवर,
सपाट आवाजात, म्हणजे समोरच्याचा अभिनय उठून दिसावा.
हेरपटांच्या मालिकेतला हा आठवा.
सातव्यातला खलनायक हिमकड्याखाली गेला,
त्याची जागा रिकामी आहे.

निवड ऑडलीबाई करतात. त्यांची परीक्षा एकच:
टेबलावर संत्रं. ते सोलायचं, आणि सोलता सोलता म्हणायचं,
"बसा. दमला असाल."
बाकी सगळं, त्या म्हणतात, मेकअपवाला करील.

ग्दान्स्कहून आलेल्या झ्बिग्न्येवने खिशातून स्वतःची सुरी काढली.
आवाज असा की खिडकीची तावदानं हलली.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, बहुतेक किराणा.
तोरबेनला डोळ्याखाली खराखुरा व्रण आहे
(लहानपणी सायकलवरून पडला, सांगत नाही कुणाला);
त्याने संत्रं मुठीतच चिरडलं,
रस कोपरापर्यंत ओघळला,
आणि मग हळूच रुमाल मागितला.
एक देखणा मुलगा नुसताच हसला. फार वेळ हसला.
मी पंचवीसदा म्हणालो, "तुम्ही यातून सुटणार नाही,"
आणि पंचवीसही जण सुटले, लिफ्टने, खाली, गर्दीत.

मग इश्बेल मॅकरे. वय एकाहत्तर. ओबनची.
चाळीस वर्षं रेडिओवर कुणाची ना कुणाची मावशी.
लोकरीचा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट घातला,
संत्रं नाकाशी नेलं. घाई नाही.
साल एका सलग पट्टीत उतरली.
मग ती पांढऱ्या शिरा काढू लागली, एकेक,
तापातल्या पोरासाठी काढाव्यात तशा.
बिया माझ्या कागदावर ओळीने ठेवल्या,
नायकाच्या वाक्यांवर,
आणि फोड माझ्यापुढे धरली.
"बसा," म्हणाली. "दमला असाल."

मी बसलेलाच होतो. तरी बसलो.
माझी ओळ होती. कागदावर होती. बियांखाली होती.
मी फोड खाल्ली.

खोलीत कुणी हललं नाही. नंतर टेप ऐकली तेव्हा कळलं,
तिसऱ्या फोडीपर्यंत मी तिला सांगून बसलो होतो
की मी पेकमला राहतो, एकटा,
खालच्या दाराची कडी नीट लागत नाही,
आणि रविवारी मला कुणाचाच फोन येत नाही.
तिने विचारलं नव्हतं काही.
टेपवर ती फक्त म्हणते आहे, "हो का."
आणि एकदा, "अरेरे."

काम तोरबेनला मिळालं. विमा कंपनीचं म्हणणं पडलं,
हेलिकॉप्टरमधून उडी आहे, एकाहत्तर म्हणजे फारच.
शिवाय निर्मात्यांना व्रण आवडला.
ऑडलीबाई काही बोलल्या नाहीत. उरलेली संत्री
कागदी पिशवीत भरून त्यांनी माझ्या हातात दिली.

इश्बेल बसने गेली.
जाण्याआधी कागदावरच्या बिया वेचून
तिने कोटाच्या खिशात टाकल्या होत्या.
पुरावा, मी मनात म्हणालो होतो. हसू आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी माणूस बोलावून कडी बदलली.
पैसे दिले. दार दोनदा ओढून पाहिलं. पक्कं.
मग दिवा न लावता
आतल्या पायरीवर बसून राहिलो,
एक संत्रं सोलत, शिरांसकट, वेडंवाकडं,
बाहेर पाऊल वाजतं का ते ऐकत.
भीतीने, असं म्हणायला हवं.
असंच म्हणतो.