सोमवारची अंडी

दर सोमवारी मी शिवडी नाक्यावरून
चार डझन अंडी घेते.
जब्बारभाई विचारतो, बेकरी कुठली तुमची?
मी म्हणते, आहे इथेच, टेकडीच्या पोटाशी.
आमचा केक सहा आठवड्यांनी फुगतो.

तो हसतो. दोन अंडी वर टाकतो.

साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसायची,
मग एकेक फोडायचं, कवचाचा कण आत जाऊ न देता.
मॅलेकाइट ग्रीन घातलं की
पिवळ्याला कच्च्या कैरीचा रंग येतो.
नळ्या तिरक्या ठेवून ऐंशी अंशांवर थिजवायच्या.
उकडीच्या मोदकांवर ठेवावी तशी नजर ठेवावी लागते:
आच जरा चढली की बुडबुडे,
बुडबुडे आले की नळी बाद.

या हिरव्या उतारावर क्षयाचा जंतू घर करतो.
बाकीचे एका रात्रीत वसाहत उठवतात,
हा तीन-तीन आठवडे नुसती जागा बघतो.
मग पावाच्या चुऱ्यासारखं काहीतरी,
मळकट, खरबरीत.

आमच्याकडे एक जुना जंतू आहे,
माझ्या आधीच्या बाईंच्याही आधीपासूनचा,
विरजणासारखा नळीतून नळीत जपलेला,
कुठल्याही औषधापुढे मुकाट मान टाकणारा.
त्याची नळी उगवली तरच
बाकीच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा.
आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणतो.

या खेपेला भाऊसाहेब उगवले नाहीत.

पाचवा आठवडा गेला. सहावाही.
रांगच्या रांग कोरी, हिरवीगार.
पेठकर मॅडम म्हणाल्या, सगळं तपासा.
तापमान तपासलं, पाणी, क्षार, रंगाची बाटली,
शेवटी माझे हात.

उगवली होती एकच. २२१७.
पुरुष, वय एकोणीस, रे रोड, वेल्डिंगचं काम.
आधी उपचार घेतले का: हो.
त्यापुढे पेन्सिलीने, बारीक: दोनदा सोडले.
दाट उगवली होती, तळापासून काठापर्यंत.

मी नाक्यावर गेले, पिशवी न घेता.
जब्बारभाई, कोंबड्यांना काय घालतात?
त्याने फोन लावला, खाडीपलीकडे कुठेतरी.
दाणा, म्हणाला. मका. आणि पाण्यातून औषध,
आजूबाजूला रोग आहे म्हणून, धडधाकट असलेल्यांनाही.
नाव अडखळत वाचून दाखवलं.
शेवट फ्लॉक्सासिन.

त्याच घराण्यातली गोळी
२२१७ रोज गिळत होता,
म्हणजे ज्या दिवशी गिळत होता त्या दिवशी.

पाण्यातून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात,
अंड्यातून माझ्या नळीत, ऐंशी अंशांना न जुमानता.
तिथे भाऊसाहेब गेले,
आणि त्या पोराचा जंतू
त्याच ताटात पोटभर जेवला.

केक बिघडला का? जब्बारभाईने विचारलं.
बिघडला, मी म्हटलं.
आमच्याकडेही हीच खातात, तो म्हणाला,
धाकटीला रोज एक.

नियम असा आहे:
कंट्रोल उगवला नाही तर सगळी तुकडी रद्द.
२२१७ सुद्धा.
मला जे कळलंय त्यासाठी
रिपोर्टात रकाना नाही.

सुगंधा तांडेलच्या सासूने कोंबड्या पाळल्यात,
ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात, सुकटीच्या चुऱ्यावर.
आज डबाभर अंडी आली. लहानमोठी, तपकिरी,
एकाला पीस चिकटलेलं.
दहा फोडली. मग हात धुऊन फोन लावला.

तुमचा नमुना पुन्हा लागेल. उद्या, उपाशीपोटी.
पलीकडे कटरचा आवाज थांबला.
पुन्हा? सहा आठवडे झाले की.
तो खोकला, फोन लांब धरून.
मग विचारलं, माझं काय चुकलं?

तुमचं नाही, मी म्हटलं.
अंडी.

अंडी? तो म्हणाला.