कुणाकुणाला हात लावलास

आधी नुसता ताप होता.
सुहारात जूनमध्ये ताप कळत नाही,
बाहेर सत्तेचाळीस, लाँड्रीत त्याहून वर,
अंग आपलं तापलंय की इस्त्रीचं, कोण सांगणार.
मग कंबर धरली. डोकं ठणकलं.
जांघेत अवधाण आलं, सुपारीएवढं,
आणि चौथ्या सकाळी तळहातावर एक डाग.
मला वाटलं, ब्लीच उडालं.

व्हिडिओवर आई म्हणाली, कांजण्या रे त्या,
कडुनिंबाचा पाला ठेव उशाशी.
आई, इथला कडुनिंब रस्त्याच्या दुभाजकात,
नगरपालिकेचा. तोडला तर दंड.

डॉक्टर शम्सांनी हात दिव्याखाली धरला.
सगळे फोड एकाच वयाचे, म्हणाल्या,
कांजण्यांत लहानमोठे एकत्र नांदतात.
आणि हे बघ, मधोमध खळगी, बेंबीसारखी.
फोडावर काडी फिरवली, नळीत घातली, बूच लावलं.
दोन दिवसांनी नाव आलं, मंकीपॉक्स.
मला गुहागरचे वानर आठवले,
कोवळे नारळ पाडून नुसतेच चावणारे.
त्यांचा काय दोष, लिसम्मा सिस्टर म्हणाली,
नाव चिकटलं की चिकटलं. माणसांचं नाही का होत?

मग फॉर्म.
गेल्या एकवीस दिवसांत कुणाकुणाला हात लावलास?
कुणाच्या अंगाशी अंग, कुणाचा टॉवेल, कुणाचं अंथरूण?

बाई, घर सोडून दोन वर्षं सात महिने झाले.
मला हात लावतं कोण?
न्हावी. शुक्रवारी.
ईदला गळ्यात पडलेला बशीर नाखवा, बाणकोटचा,
वरच्या बंकवरचा, ज्याचे पाय माझ्या डोक्यावर लोंबतात.
आणि चादरी. दिवसाला चारशे, हॉटेलांतल्या,
हातमोज्यांत हात शिजतात म्हणून
उघड्या हातांनी झटकलेल्या.
कोण कुणाशेजारी झोपलं, चादर सांगत नाही.
लिसम्मानं लिहिलं, चादरी.
रकान्यात अजून पुष्कळ जागा होती.

रात्री अकराला मी घंटी दाबली.
एक नाव राहिलं होतं.
ते सांगताना मी भिंतीवरच्या स्विचकडे बघत होतो.
तिनं लिहून घेतलं, स्पेलिंग विचारलं,
मग म्हणाली, त्या माणसालाही वेळेत कळायला हवं, एवढंच.
आणि, पाणी आणू?

औषध म्हणावं तर फारसं नाही.
तापाची, दुखण्याची गोळी,
तोंड आलंय म्हणून मीठपाण्याच्या चुळा,
पेज, भरपूर पाणी, नखं कापलेली.
खाजवू नकोस. फोडू नकोस. डोळ्यांना हात नको.
जोरात बिघडलं तर दुसरं औषध आहे, तुला लागणार नाही.
बाकी शरीर करतं, हळूहळू करतं.
डाग, मग पुळी, मग पाणी, मग पू, मग खपली,
सरकारी कचेरीतल्या फायलीसारखं, टेबलामागून टेबल.

आईला खरं सांगितलं, बाराव्या दिवशी.
ती गप्प झाली, मग पदर सारून
दंड कॅमेऱ्यासमोर धरला, देवी काढलेल्याच्या दोन खुणा,
जुन्या नाण्यांसारख्या, झिजलेल्या.
ही त्या देवीचीच कुणी लागते ना?
चुलत बहीण, मी म्हटलं.
डॉक्टर म्हणतात, ज्यांच्या दंडावर खूण आहे
त्यांना थोडी ढाल आहे अजून.
तुला का नाही काढली रे, ती म्हणाली,
जणू तिचंच चुकलं.
आई, मी जन्मलो तेव्हा देवी संपली होती.

सव्विसाव्या दिवशी शेवटची खपली उशीवर सापडली,
मसुराच्या सालीएवढी.
खाली कातडी गुलाबी, कुणा दुसऱ्याची वाटावी अशी.

खोलीवर बशीरनं आपले एकवीस दिवस
कॅलेंडरवर फुल्या मारून मोजले होते,
रोज रात्री ट्यूबलाइटखाली तळवे उलटसुलट करून.
काय नाय निघाला, म्हणाला, मिशीत एक पुळी व्हती, ती जुनीच.
त्यानं चहाचा ग्लास पुढे केला.
मी म्हटलं, खाली ठेव, घेतो.
तो हात तसाच धरून उभा,
चहा गरम, ग्लास काचेचा,
बोटं भाजत होती त्याची.