सहावं यंत्र

एकशे एकोणपन्नास रुपयांचं पुस्तक.
फोनवर उघडतं, पण फोनच्या काचेवर हिरवी रेघ,
तिच्यामागे प्रत्येक ओळीतला एक शब्द जातो.
टॅबवर अक्षरं मोठी होतील म्हणून गेलो, तर म्हणे
पाच यंत्रं झाली, आधी एक काढा.

यादी उघडली.
एक बसमध्ये राहिलेला, जुळे सोलापूरला उतरताना.
एक मोहोळच्या पोराला विकलेला,
तो वाचत असेल तर वाचू दे बापडा.
एक पिंपात पडला, पाचव्या दिवशी नळ आला त्या घाईत.
उरलेले दोन कुठले, आठवत नाही.
बुडालेले, हरवलेले सगळे वाचक,
आणि मी, चष्म्यासकट जिवंत, सहावा.

एक काढायला गेलो.
ओटीपी पिंपातल्या फोनच्या नंबरावर.

पोरगी म्हणाली, पप्पा, स्क्रीनशॉट मारा.
मारला. पान काळं आलं.

हे कुलूप मला नवीन नाही.
नायना अशोक चौकामागच्या शेडमध्ये
जेकार्डची कार्डं मारायचे.
पुठ्ठ्याला भोक, भोकामागे दोरा,
दोऱ्यामागे मोराची मान.
एका मागाची कार्डं दुसऱ्यावर चालत नसत,
हुकांचा हिशेब वेगळा.
आणि मालक बिंगीशेठ तो मोर
तिजोरीत ठेवायचा, बायकोच्या पाटल्यांशेजारी.

मग स्वतःचा एक माग टाकल्यावर नायनांनी
बाजारातून तीच चादर आणली, रोख,
सोनाराचं भिंग उसनं घेतलं
आणि धागे मोजत बसले.
सतरा रात्री. अठराव्या रात्री
आमच्या मागावर मोर उतरला,
शेपटीनं जरा आखूड.
आई म्हणाली, ही चोरी नव्हं?
नायना म्हणाले, इकत घेतलीय की. बघायला बंदी हाय व्हय?
आई भाकरी थापत राहिली.
तिला उत्तर पटलं का, मी कधी विचारलं नाही.

आता रात्री गच्चीवर, भिंती अजून तापलेल्या,
कारखान्याच्या जुन्या खतावणीत
पुस्तक उतरवतोय, मोठ्या अक्षरात.
रेघेमागचे शब्द अंदाजानं भरतो,
काही आखूड पडतात.
दोनशे बारावं पान चालू आहे.
जमेच्या बाजूला मजकूर.
नावेची बाजू कोरी,
कुणाच्या नावे टाकायचं ते कळेना.